पाडव्याची पहिली थाप

चैत्र लागला की सोलापुरात ऊन नुसतं पडत नाही, अंगावर धावून येतं. अशाच एका पाडव्याला शहरातल्या काही हौशी मंडळींनी लोककलांचा मेळावा भरवला होता. उन्हाळ्याचं स्वागत म्हणे! ज्याला आम्ही उठता-बसता शिव्या घालतो, त्याचं स्वागत करायचं शहरातच सुचू शकतं. बहात्तरचा दुष्काळ मागे पडून दोन-तीन वर्षं झाली होती आणि माझ्या लग्नाला जेमतेम एक.

माझं माहेर सोलापूरचं, वडील गिरणीत. सासर मंगळवेढ्याकडच्या माळावर, मेंढरं राखणाऱ्या धनगरांचं. आम्हीही धनगरच, पण चाळीत वाढलेले. लग्न ठरलं तेव्हा शेजारणींनी नाकं मुरडली होती. "शेवटी मेंढरांमागंच धाडली की पोरगी," असं एकजण तर तोंडावर बोलली. ते शब्द मला वर्षभर टोचत होते. माझा नवरा गजीचा ढोल कसा वाजवतो हे त्या बायांना एकदा दाखवायचंच, असं मी मनाशी ठरवलं होतं. गजी म्हणजे आमचा नाच, मधे ढोल आणि भोवती हातात रंगीत रुमाल घेतलेल्या पांढऱ्या कपड्यांतल्या पुरुषांचं रिंगण. ह्यांचा ढोल घुमू लागला की बघणाऱ्याचे पाय आपोआप हलायचे.

मेळाव्याचं बोलावणं आलं तेव्हा हे नको म्हणाले. कारणही तसंच होतं. पाडव्याला दिवेलागणीच्या वेळी गावात बिरोबापुढे गजी खेळतात आणि ढोलावरची पहिली थाप आमच्या घरची असते. ती पडल्यावर देवाला नैवेद्य, आणि त्यानंतर गावात पानं वाढायची. मामंजींनी भंडारा लावून तो मान ह्यांना दिला होता. एकदा दिलेला मान बापालाही परत घेता येत नाही. पण मी रोज कानाशी लागले. शेवटी मामंजीच म्हणाले, "जाऊ दे की. दुपारचं खेळायचं आन् दिवं लागायला हितं. सुनंलाबी तेवढंच म्हायेर."

तरण्या गड्यांना घेऊन आम्ही ट्रकमधून सोलापूरला आलो. मैदानावर मांडव होता, पण त्या उन्हात बघायला चिटपाखरू नव्हतं. मेळाव्याची मंडळी म्हणाली, जरा उन्हं उतरू द्या, मग तुमचाच खेळ पहिला. हे मांडवाबाहेर जाऊन सारखे सूर्याकडे बघत होते. शेवटी आत येऊन म्हणाले, "चला, ढोल चढवा गाडीत. देव वाट बघतुया."

तेवढ्यात चाळीतल्या बाया नटूनथटून येताना दिसल्या. मी चारचौघांत ह्यांची बाही धरली. "आवं, एवढं एक रिंगण होऊ द्या. गावात दुसरा ढोल हाय की. मारंल कुणीतरी थाप."

नव्या बायकोला चार बायांसमोर नाही म्हणणं ह्यांना जमलं नाही. त्यांनी ढोल खांद्याला लावला.

खेळ असा रंगला की लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मला टोचून बोललेली ती शेजारीण माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "गं बया, ह्यो तुझा व्हय?" खोटं कशाला बोलू, इतकी मी लग्नातही फुगले नव्हते. गावाची आठवण मला त्या वेळी झालीच नाही. नंतर ड्रायव्हर रात्री गाडी काढायला तयार होईना. हे आणि गडी मैदानातच झोपले, मी आईकडे गेले आणि पहाटे सगळे निघालो.

गावात शिरलो तेव्हा बिरोबाच्या देवळापुढे माणसं बसलेली होती. सगळी म्हातारी, कालचेच पांढरे कपडे, रुमाल हातात तसेच. दुसरा ढोल लिंबाखाली होता. त्याला कुणी शिवलंही नव्हतं. ज्याचा मान तो जिवंत असताना दुसऱ्यानं थाप मारायची नसते, ही गोष्ट मी सोडून सगळ्या गावाला ठाऊक होती. नैवेद्याची ताटं फडक्याखाली झाकलेली होती. लहान पोरांना दूध-भाकरी देऊन झोपवलं होतं. बाकी गाव उपाशी होतं.

कुणी रागावेल म्हणून मी पदर ओढून उभी राहिले. कुणी रागावलं नाही. गाडी वाटेत बंद पडली असणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं. मामंजी उठले आणि ह्यांना म्हणाले, "सुकरूप आलास न्हवं? मार थाप. मानसं लई ताटकळल्याती."

ह्यांनी थाप मारली. रात्रभर ताटकळलेले म्हातारे उठून रिंगणात फिरू लागले. ढोल वाजवताना ह्यांनी एकदाही मान वर केली नाही. गाडी बंद पडली नव्हती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही नाही.

नैवेद्य झाला. सासूबाईंनी पहिली पोळी माझ्या ताटात वाढली. स्वतः त्यांनी अजून घास घेतला नव्हता. "खा गं," त्या म्हणाल्या. "परवासात उपाशी राहिली असशील."

आदल्या रात्री आईनं मला श्रीखंड-पुरी वाढली होती आणि मी मागून मागून आणखी घेतली होती. मी खाली मान घालून ती पोळी सगळी खाल्ली. नको म्हटलं असतं तर का नको, ते सांगावं लागलं असतं.