दोन करवतींपैकी जुनी

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितली नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो. ते खरं नाही. विचारलं होतं, आणि मी सरळ खोटं उत्तर दिलं होतं. गेल्या आठवड्यात मुलाने माळा आवरायला काढला आणि तिथली जुनी करवत विकून टाकू म्हणाला. ती बाल्कनीत उतरवून ठेवल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही.

बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहत असताना मी कारखान्याच्या सुरक्षा विभागात होतो. हातमोजे घाला, चष्मा लावा, पात्यावरचं झाकण काढू नका, अशी भाषणं कामगारांना देणं हे माझं काम. घरी मागच्या व्हरांड्यात लाकूडकामाचा छंद. त्यासाठी मी एक कटर मशीन उलटं करून टेबलाच्या फळीखाली बसवलं होतं. पातं फळीतल्या चिरेतून वर यायचं. कटरचं बटण दाबून कायमचं अडकवलेलं, आणि चालू-बंद भिंतीवरच्या बोर्डावरून. पात्यावर झाकण नव्हतं.

कारखान्यातल्या मशीनचं असं होतं की वीज गेली की स्विच आपोआप पडायचा. वीज परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन जागचं हलत नसे. माझ्या टेबलाला तसलं काही नव्हतं. लाइट आली की पातं आपलं आपण फिरू लागायचं. एकदा माझ्या सदऱ्याची बाही त्यात गेली. हात वाचला. बायकोने बाही शिवून दिली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून लाइट गेली की आधी प्लग ओढायचा, ही सवय हाताला लागली. पुढे मी झाकण आणि चांगला स्विच असलेली तयार करवत घेतली, आणि व्हरांड्यात दोन करवती झाल्या.

निवृत्ती जवळ आली. क्वार्टर सोडून नेहरू नगरच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. बायको म्हणाली, "दोन-दोन करवती कशाला? हात दोनच आहेत, तेही नशिबाने."

मी आठवडाभर घोळ घातला. जुनी मोडीत द्यायला हवी हे मला कळत होतं. पण ते टेबल मी स्वतः केलं होतं, सागवानी पायांचं, आणि फळी रंधून रंधून इतकी गुळगुळीत केलेली की येणारा प्रत्येक माणूस तिच्यावरून हात फिरवायचा.

मागच्या लायनीत, मुलाला मिळालेल्या क्वार्टरमध्ये, नागपूरकडचे एक फिटर राहत. माझ्या वर्षभर आधी निवृत्त झालेले, उभी नोकरी मशीनवर गेलेली. आता घरी देव्हारे करून द्यायचे. त्यांनीही फळीवरून हात फिरवला.

"साहेब, विकून राहिले म्हणते?"

"बघतोय. नक्की नाही."

"मी घेतो. देव्हाऱ्याचे खांब कापाले बरं होईन."

"भाऊ, एकदा नीट तपासून घ्या."

"सेफ्टीवाल्या साहेबाच्या घरची वस्तू," ते हसले. "तपासाचं काय त्याच्यात?"

या वाक्यापाशी मी अडकलो. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, आम्हाला भाषणं देत होते अन् घरी हे? हसून म्हणाले असते, पण म्हणाले असते. मी मनात म्हटलं, पोचवायला जाऊ तेव्हा सांगू. पोचवायला गेलो तर त्यांच्याकडे पाहुणे बसले होते.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "लाइटचं सांगितलंत ना त्यांना?"

"हो," मी म्हणालो.

उन्हाळ्याचे दिवस होते, लाइट रोज जायची. पंखा थांबायचा. मागून येणारा करवतीचा आवाज बंद व्हायचा, आणि मी पेपर हातात धरून तो पुन्हा सुरू व्हायची वाट बघत बसायचो. सुरू झाला, आणि मागोमाग त्यांचं खोकणं किंवा ठोकणं ऐकू आलं, की पान उलटायचो. दोनदा चपला घालून निघालो. एकदा अर्ध्या वाटेतून परत फिरलो. एकदा ते कोपऱ्यावरच भेटले आणि नव्या देव्हाऱ्याबद्दल इतक्या हौसेने बोलत राहिले की मी नुसता ऐकून आलो. आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं, हे विचारतील. जितके दिवस जात होते तितकं ते अवघड होत होतं.

एका दुपारी लाइट गेली आणि थोड्या वेळाने आली. आवाज सुरू झाला आणि लगेच त्यांच्या बायकोची हाक आली.

ते थांबलेल्या पात्याजवळचा भुसा हाताने काढत होते. आयुष्यभर त्यांनी ज्या मशीन चालवल्या त्या लाइट गेल्यावर निपचित पडायच्या. हे टेबल आपोआप सुरू होतं हे एव्हाना डोळ्यांनी पाहिलं असेलही, पण त्यांच्या हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. डाव्या हाताची दोन बोटं गेली.

रिक्षा मीच आणली. रुमालात गुंडाळलेला त्यांचा हात वाटभर मीच वर धरून बसलो. दवाखान्यात त्यांची बायको रडत होती. माझी बायको तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "ह्यांनी सांगितलं होतं हो, लाइट गेली की आधी प्लग काढा म्हणून."

मी खिडकीकडे बघत राहिलो. खाटेवरून ते म्हणाले, "सांगितलं असन. मीच भुललो."

टेबल त्यांनी परत पाठवलं. फ्लॅटवर आल्यावर मी ते माळ्यावर टाकलं. विकायची हिंमत नव्हती, आणि मोडीत दिलं तर बायको कारण विचारेल ही भीती. पुढे कुणी बोटांबद्दल विचारलं की ते सांगायचे, "साहेबानं बजावलं होतं, म्याच ध्यान नाही देल्लं." नातवंडांनाही तसंच सांगायचे. माझी बायको गेली, तीही मी सांगितलं होतं असं समजूनच.

परवा मुलगा फोनवर जाहिरात लिहायला बसला. मी म्हटलं, "लिही, लाइट आली की हे आपोआप सुरू होतं, आणि पात्याला झाकण नाही."

"मग घेणार कोण, बाबा?"

"तू लिही तर."

त्याने लिहिलं. चहा निवायच्या आत झालं. मग ते वाचून तोच म्हणाला, "हे द्यायचं कुणाला? मोडून टाकू." आम्ही फळीखालून कटर काढलं, त्याची वायर कापली.

ते भाऊ मागच्या हिवाळ्यात नागपूरला वारले. त्याआधी मी एकदा भेटून आलो होतो, हेच सांगायला. तासभर बसलो. निघताना त्यांनी त्या तीन बोटांच्या हाताने माझं मनगट धरलं.

"साहेब, काही बोलाचं होतं का?"

"नाही हो. असंच आलो होतो."

बोलायचं होतं ते गाडीत बसल्यापासून पाठ करत गेलो होतो. भाऊ, तुम्ही विसरला नव्हतात. मी सांगितलंच नव्हतं. मला माफ करा.