दुखवटा आणि पोट

बायको गेली त्यानंतर माझं पोट बंद झालं. शोकाची लक्षणं मी पुस्तकांतून पुष्कळ वाचली होती. झोप उडते, भूक मरते, माणूस भिंतीकडे बघत बसतो. माझी झोप शाबूत होती, भूकही बरी होती. फक्त आत गेलेलं बाहेर यायचं नाव घेत नव्हतं. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून बराच काळ मी ते शोकात धरलंच नाही.

आमच्याकडे मयताच्या घरी माणसं सकाळी भेटायला येतात. अमरावतीतली तर येतातच, पण मूर्तिजापूर, बाळापूर, मोर्शीकडची पहिली गाडी धरून येतात, म्हणजे ऊन तापायच्या आत परतता येतं. घरच्या माणसाने त्यांच्यासमोर बसून राहायचं असतं. बोलायचं फारसं नसतं, दिसायचं असतं. उठताना कोणी निरोप घेत नाही, त्यामुळे कोण केव्हा जाणार याचा अंदाज येत नाही. त्यात आमच्या संडासाचं दार थेट बैठकीत उघडतं. कळ यायची ती नेमकी त्याच वेळी. माना खाली घालून बसलेल्या माणसांमधून उठायचं, त्या दारात शिरायचं, कडी लावायची आणि नळ सोडायचा, हे मला दुखवट्यात शोभेलसं वाटेना. मी कळ दाबायचो. येणारी माणसं घोटभर पाणीही घेत नसत, म्हणून मीही सकाळचा चहा सोडला. तेरवी झाली तरी माणसं येत राहिली. मग पहिला पोळा आला, पहिली दिवाळी आली. गमीनंतरच्या पहिल्या सणाला माणसं पुन्हा भेटायला येतात. शेवटी पोटाने कळ पाठवणंच सोडून दिलं. इतका अपमान कोण सहन करील!

मोर्शीची मेहुणी, बायकोची थोरली बहीण, दिवाळीला आली तेव्हा तिने भर बैठकीत विचारलं, "भाऊजी, तोंड काऊन असं उतरलं जी?"

मी खरं ते सांगितलं. "पोट साफ होत नाही."

तोवर आमच्याकडे येणाऱ्यांना काय बोलावं ते सुचत नसे. आता सुचू लागलं.

"एरंडेल घ्या भाऊ, एरंडेल."

"अरे बाप्पा, एरंडेलानं आतड्याले सवय लागते. हरडा द्या त्याईले."

"काई नाई लागत. सकाऊन तांब्याभर गरम पानी प्या अन् अंगणात फिरा."

"फ्लॅटमदी राह्यते तो माणूस. अंगण काय तू आणून देतं?"

मी हिरडा घेतला, एरंडेल घेतलं, इसबगोल घेतलं, मेहुणीने पाठवलेली संत्री सालीच्या आतल्या पांढऱ्या रेषांसकट खाल्ली. पोटाचा दगड झाला. घरातून निघताना लोकांचे चेहरे मात्र पहिल्यापेक्षा हलके दिसत. दुःखाला इलाज नव्हता, बद्धकोष्ठाला होते, आणि तेही इतके.

माझी मुलगी अकोल्याला असते. तिच्याशी गळ्याच्या खालच्या विषयावर मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आता तिचा फोन "बाबा, झालं का?" इथूनच सुरू व्हायचा. संक्रांतीला तिने निक्षून सांगितलं, "वर्षश्राद्धापर्यंत हे बरं झालं नाही, तर मी तुम्हाला इकडे घेऊन येणार. कायमचं. एकट्याने असं कुढत राहायचं नाही."

मला जायचं नव्हतं. बायकोच्या साड्या अजून कपाटात होत्या, तिचा चष्मा फ्रिजवर होता. माझी पुस्तकं मला अंधारातही सापडत. हे घर राखायचं होतं, आणि ते राखणं आता माझ्या आतड्यांच्या हाती होतं. पराक्रमी पूर्वज असलेल्या माणसाने हे कोणाला सांगावं?

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, दुर्बीण घालून पाहिलं. "आत अडथळा नाही," ते म्हणाले. "फिजिओथेरपी करून बघा." मला वाटलं, ते गुडघ्याबद्दल बोलत आहेत. पण अकोल्याला अशी एक बाई निघाली, माझ्या मुलीच्याच वयाची, जी पोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम करते. बडनेऱ्याहून गाडी धरून मी तिच्याकडे जाऊ लागलो.

"काका, कळ आली की लगेच जाता?" तिने पहिल्यांदा विचारलं.

मी बैठक, माणसं, दार, सगळं सांगितलं.

"इतके महिने हेच?"

"सण धरून."

तिने मला कुशीवर झोपवलं, नको तिथे चिकटपट्ट्या लावल्या आणि त्यांच्या तारा एका यंत्राला जोडल्या. पडद्यावर एक हिरवी रेघ पळू लागली. "आता संडासला बसल्यासारखा जोर करा." मी केला. रेघ टुणकन वर गेली. मला वाटलं, पास झालो.

"काका, ही खाली यायला पाहिजे."

"मी तर सगळा जोर लावतोय."

"तेच तर." ती हसली, आणि तिची शुद्ध भाषा सुटली. "वरून पोट ढकलून राह्यलं, अन् खालचे स्नायू म्हणून राह्यले, पाहुणे बसले आहेत, आता नको."

मग शिकणं सुरू झालं. आधी ते स्नायू मुद्दाम आवळायचे, मग सोडायचे, म्हणजे सोडणं काय असतं ते कळतं. पोटावर हात ठेवून श्वास घ्यायचा, पोट फुगू द्यायचं. बसताना पायाखाली स्टूल घ्यायचं, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, पाठ सरळ ठेवून पुढे वाकायचं. श्वास कोंडायचा नाही, गरम चहावर घालतो तशी हलकी फुंकर घालायची. ओटीपोट उजवीकडून वर, मग आडवं, मग डावीकडून खाली असं हलक्या हाताने चोळायचं. सकाळी गरम चहा प्यायचा, थोड्या वेळाने जाऊन बसायचं. नाही झालं तर उठायचं, दुपारी कळ आली तर दुपारी जायचं, कोणीही आलेलं असो.

"आत किती वेळ बसता?"

"एखादं प्रकरण होईपर्यंत."

"कसलं प्रकरण?"

"पुस्तकाचं."

"पुस्तक बाहेर ठेवायचं, काका."

बायको हेच तीस-पस्तीस वर्षं सांगत होती. तिच्याकडे यंत्र नव्हतं.

घरात योग्य उंचीचा एक चौरंगच होता, पण सत्यनारायणाचा चौरंग तिथे नेण्याइतका मी बुद्धिवादी नाही. बाजारातून प्लास्टिकचं स्टूल आणलं. दुकानदाराने विचारलं, "नातवाले पायजे का, काकाजी?" मी हो म्हणालो.

आठवडे गेले. रेघ हट्टी होती, पण हळूहळू नरमली. सोडून देणं हे मला कष्टानेच शिकावं लागलं. वर्षश्राद्ध जवळ आलं असताना एका सकाळी मी स्वतः केलेला चहा प्यालो, आत गेलो, फुंकर घातली, आणि झालं. पुढच्या सकाळीही झालं. मी मुलीला फोन केला. परीक्षेच्या निकालाचा करतात तसा.

ती "बरं झालं," म्हणाली. आणि फोन लवकर ठेवला.

एरवी मी अकोल्याहून थेट परतीची गाडी धरायचो, पण थेरपीच्या शेवटच्या भेटीसाठी गेलो तेव्हा मुलीच्या घरी थांबलो. मागची खोली नव्याने रंगवलेली होती. भिंतीला रिकामी फळी होती, माझ्या पुस्तकांच्या मापाची. खोलीला लागून नवा संडास बांधला होता, दार बैठकीपासून लांब, आत धरायला दांडी, आणि पायाखाली घ्यायला लाकडी स्टूल.

"हे केव्हा केलंस?"

"संक्रांतीनंतर." ती टॉवेलची घडी करत होती. "आता काय उपयोग. तुम्ही बरे झालात."

"अगं, पण..."

"आई गेली तेव्हा माझ्याकडे कोणी भेटायला आलं नाही, बाबा. लेकीच्या सासरी कोण येतं? सगळे तुमच्याकडे गेले. मी तेरवी करून आले अन् दुसऱ्या दिवशी कामावर गेले."

ज्या माणसांसाठी मी इतके महिने कळ दाबली, त्यांच्यातला एकही तिच्या दारात गेला नव्हता. मी तिच्यासमोर बसून राहिलो. ती बराच वेळ रडली, मग डोळे पुसून भाजी निवडायला बसली. मी परतीची गाडी धरली नाही.

सकाळी तिने चहा दिला. मी आत गेलो. बाहेर टीव्ही बंद झाला, जावयाने आवाज न करता पेपर उलटला, मिक्सरही थांबला. सगळं घर माझ्यासाठी श्वास धरून होतं. मी गुडघे वर घेतले, फुंकर घातली, जे जे शिकलो ते सगळं केलं. काही झालं नाही. थोड्या वेळाने शहाण्यासारखा उठलो.

मुलगी दाराशीच होती. "झालं?"

"नाही."

"नवी जागा आहे ना, असं होतं," ती म्हणाली. चेहरा काळजीचा करायचा तिने मनापासून प्रयत्न केला, पण तो जमेना. "म्हणजे आता चार-पाच दिवस तरी राहावंच लागेल तुम्हाला."

"हो," मी म्हणालो. "राहावं लागेल."