एक्क्याण्णव किलोंचं बाळ

केलेकोलिओ वाटणीला उभा राहिला की डुकरंसुद्धा गप्प होतात, असं आमच्या बेटावर म्हणायचे. हे साफ खोटं होतं. आमच्या डुकरांना गप्प करणं देवालाही जमलेलं नाही. माणसं मात्र खरंच गप्प व्हायची. होड्या आल्या, मासे किनाऱ्यावर ओतले, की कोलिओ गळ्यात वाटणीची शिट्टी घालून, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि एकेका घराचं नाव घेऊन आकडा सांगायचा. (पूर्ण नाव आम्ही फक्त पाद्रीबाबांसमोर घेतो.) घरात जितकी तोंडं, तितके वाटे. काल जन्मलेलं पोर असो की नव्वदीची म्हातारी, वाटा सारखा. मासा कुणी धरला, होडी कुणाची, हे कुणी विचारायचं नाही.

बत्तीस वर्षं त्याने ही वाटणी केली आणि एकदाही आकडा चुकला नाही. याचा त्याला अभिमान होता, आणि त्याची बायको मालिया हिला त्या अभिमानाचा वैताग होता. घरात येऊन बसलेला आणि जायचं नाव न घेणारा पाहुणा असावा तसा तो अभिमान तिच्या घरात राहत होता.

तोकेलाऊ म्हणजे प्रशांत महासागरातली तीन बेटं. एकावरून दुसरं दिसत नाही, आणि कुठल्याही बेटावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे माडावर चढलेला माणूस. राज्य न्यूझीलंडचं, कारभार आमचा, आणि राजधानी दरवर्षी एका बेटावरून दुसऱ्यावर जाते. म्हणजे नेमकं काय जातं? एक झेंडा, दोन लोखंडी कपाटं आणि एक झेरॉक्सचं मशीन. त्या वर्षी राजधानी आमच्याकडे होती. त्यामुळे आमच्या गावचे प्रमुख तिमोतेओ हे वर्षभरासाठी देशाचेही प्रमुख होते. खुर्ची तीच, पंखा तोच, फक्त टेबलावर झेंडा ठेवला होता.

घोटाळा सुरू झाला तो कोलिओच्या डोळ्यांपासून. मोतीबिंदू इतका वाढला की एके दिवशी त्याने खांबाला टेकवलेल्या वल्ह्याला "सरक बाबा पुढे" म्हटलं. लोक हसले, पण कोलिओला रात्रभर झोप लागली नाही. उद्या आपण एखाद्या घरातलं माणूस मोजायचंच विसरलो तर? त्याने सभेत जाऊन स्वतःच ठराव मांडला. सरकारी शिरगणती जवळ आली होती. त्या मोजणीची छापील यादी घ्यावी आणि वाटणी तिच्यावरून करावी. यादीतला माणूस बोटीवर चढला की त्याचा वाटा बंद, परत उतरला की चालू. बाकी यादीत बदल करायचा तो फक्त दोन कारणांनी, जन्म आणि मृत्यू. कुणाच्या म्हणण्यावरून नाही, कुणाच्या रडण्यावरून नाही. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, ठराव झाला आणि कोलिओ डोळे कापून घ्यायला बोटीने सामोआच्या राजधानीत, आपियाला गेला.

शिरगणतीची रात्र उजाडली, म्हणजे दिवस मावळला, तेव्हा तो परतीच्या बोटीवर होता. आपियातून निघालेला, घरी न पोचलेला. मधे नुसता समुद्र. समुद्रातल्या माणसाला मोजणारा कुणी नसतो. मोजणीचे साहेब आमच्या गावात दारोदार फिरले, मालियाच्या दारात आले, आत एक बाई दिसली, एक लिहिलं आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी कोलिओ नवे डोळे घेऊन उतरला. त्या डोळ्यांनी त्याने सगळ्यात आधी जी गोष्ट नीट पाहिली ती म्हणजे यादी. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. अक्षर न अक्षर स्वच्छ दिसत होतं आणि त्यात तो नव्हता.

"छपाईची चूक असेल," सेलेवाहो म्हणाला. हा कोलिओचा मदतनीस, चाळिशीचा, मनाने लोण्यासारखा आणि हिशेबात अगदीच कच्चा.

"चूक नाही," कोलिओ म्हणाला. "त्या रात्री मी इथे नव्हतो. यादी बरोबर आहे."

आणि त्या संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहून त्याने खणखणीत आवाजात सांगितलं, "मालियाचं घर. एक."

मालियाने एक कुपा मासा टोपलीत टाकला आणि त्याच्याकडे न बघता घरी गेली. रात्री तिने तो भाजला, निरफणसाबरोबर वाढून घेतला आणि नवऱ्याच्या समोर बसून काट्यापर्यंत खाल्ला. कोलिओने नुसता निरफणस खाल्ला.

"अर्धा घे," ती म्हणाली.

"एका माणसाचा वाटा आहे. दोघांनी खाल्ला तर वाटणी काय कामाची?"

"मग मर उपाशी."

"मरायलाही यादीत असावं लागतं," कोलिओ म्हणाला. तो विनोद करत नव्हता. त्याने ठराव तीनदा वाचला होता.

सकाळी तो तिमोतेओंकडे गेला.

"मी यादीत नाही."

"अरे, पण तू माझ्यासमोर उभा आहेस."

"ठरावात समोर उभं राहण्याबद्दल काही नाही."

तिमोतेओंनी कपाळ चोळलं. "हे बघ कोलिओ, सकाळी मी गाव असतो. गाव म्हणून मला तुझाच ठराव पाळावा लागेल. जेवून ये. दुपारी मी देश असतो."

दुपारी कोलिओ परत गेला. तिमोतेओ त्याच खुर्चीत, त्याच सदऱ्यात बसले होते. झेंडा जरा सरळ केलेला दिसला.

"बोला, काय तक्रार आहे?" त्यांनी परक्या माणसासारखं विचारलं.

"सकाळी गावाने मला नाही म्हटलं."

"गाव जरा हट्टीच आहे," तिमोतेओ म्हणाले. "मलाही त्याचा त्रास होतो. बरं, तुला पाहुणा म्हणून लिहू? पाहुण्याला वाटा मिळतो. कुठून आलास?"

"इथून."

"इथून इथे आलेला पाहुणा कसा होईल?"

"तेच म्हणतोय मी," कोलिओ म्हणाला, आणि दोघंही बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

असे तीन आठवडे गेले. कोलिओ रोज किनाऱ्यावर उभा राहून गावाला मासे वाटायचा आणि घरी जाऊन नारळ खायचा. त्याची लुंगी सैल झाली. शेजाऱ्यांनी केळीच्या पानात गुंडाळून मासे त्याच्या ओट्यावर ठेवायला सुरुवात केली. कोलिओ चर्चच्या सकाळच्या घंटेआधी उठून ते ज्याचे त्याला परत करून यायचा. माणूस चांगला होता, पण खरं सांगायचं तर तेव्हा त्याचा राग यायचा. दुसऱ्याला भलं करायचीही मुभा न देणारा चांगुलपणा जवळपास राहणाऱ्यांच्या डोक्यात जातो.

एका संध्याकाळी मालियाचा बांध फुटला.

"स्वतःसाठी एवढा एक आकडा बदलवत नाही तुला?"

"नाही बदलवत."

"का?"

ते कारण दोघांनाही ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक लुहिया न्यूझीलंडला गेली. बोट अजून दिसत होती, मालिया अजून किनाऱ्यावर हात हलवत उभी होती, आणि मागे वाटणी चालू होती. वीस वर्षं "मालियाचं घर, तीन" म्हणणाऱ्या कोलिओने त्या दिवशी "मालियाचं घर, दोन" म्हटलं. नियम तसाच होता. गेलेल्या माणसाचा वाटा त्याच दिवशी बंद. मालिया चाळीस दिवस त्याच्याशी बोलली नाही. मीठ हवं असेल तर शेजारणीला सांगायची की यांना मीठ द्यायला सांग.

"पोरीचा मासा कापलास," मालिया म्हणाली, "उद्या कापला असतास तरी चाललं असतं. एक दिवस. कुणी काही म्हटलं नसतं."

"म्हणूनच," कोलिओ म्हणाला. "आज मी माझा मासा घेतला तर मग तेव्हाचं ते कशासाठी केलं मी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मालिया सरळ सभेत गेली. बायका सभेत जात नाहीत असं नाही, पण अशा जात नाहीत. ती म्हाताऱ्यांच्या मधोमध उभी राहिली.

"माझा नवरा वाळत चाललाय. तुमच्या यादीला तो दिसत नाही. यादी बदलते ती जन्माने नाहीतर मरणाने. तो मेलेला नाही, म्हणजे राहिलं काय? मग घाला त्याला पुन्हा जन्माला."

ती टोमणा मारत होती. पण कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ठरावात जन्म होता.

"वयाची अट आहे का जन्माला?" एकाने विचारलं.

"लिहिलेली नाही," तिमोतेओ म्हणाले. दुपार होती, म्हणून ते देश म्हणून बोलत होते. "ज्या दिवशी बोटीतून उतरला, तो जन्मदिवस धरू."

कोलिओला बोलावून विचारलं. त्याने ठराव चौथ्यांदा वाचला आणि म्हणाला, "नियमात बसतं."

दवाखान्यातल्या लेपेका नर्सने जन्माचा कागद भरला. ही बाई कामात चोख, वेंधळेपणा तिला खपत नाही. तिने त्याला काट्यावर उभं केलं.

"वजन एक्क्याण्णव किलो. उपाशी असून एवढं. बाळाचं कुठलं दुखणं?"

"गुडघे," कोलिओ म्हणाला.

"जन्मतः," लेपेकाने लिहिलं. "बाळंतपण कुठे झालं?"

"बोटीच्या शिडीवर."

"दात?"

"चार राहिलेत."

"आलेत," तिने दुरुस्त केलं. "लवकर आलेत."

कागदावर शिक्का बसला तसा कोलिओने गळ्यातली शिट्टी काढून सेलेवाहोच्या हातात दिली. वाटणी करणारा पस्तिशीच्या वरचा हवा, हा नियम ठरावाच्याही आधीचा, आजोबा-पणजोबांच्या काळचा. तान्ह्या पोराला वाटणी करता येत नाही. हे त्याने स्वतःच सांगितलं. सांगताना शिट्टीची दोरी त्याच्या बोटांतून सुटत नव्हती, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही कोलिओचे डोळे भरलेले पाहिले.

"काका, मला नाही जमायचं," सेलेवाहो म्हणाला.

"काका म्हणू नकोस. मी तीन आठवड्यांचा आहे."

दुसऱ्या दिवशी कुप्यांचा मोठा थवा सापडला. होड्या बुडायच्या बेताने भरून आल्या, मासे उदंड. कोलिओ लहान पोरांमध्ये वाळूत बसला, कारण आता त्याची जागा तीच होती. सेलेवाहो घामाघूम होऊन यादी धरून उभा राहिला.

"पानापाचं घर. सात," असं म्हणून त्याने सहा मासे मोजले.

कोलिओच्या तोंडून "अरे" निघणार होतं. पण वाटणी चालू असताना पोरांनी बोलायचं नाही, हा नियम त्यानेच कित्येकांना कान धरून शिकवला होता. तान्ह्या पोराला तर बोलताच येत नाही. तो क्षणभर घुसमटला आणि मग त्याने भोकाड पसरलं.

एकाहत्तर वर्षांच्या छातीतून निघालेलं ते रडणं समुद्रावर बसलेले पक्षी उडवून गेलं. सेलेवाहो दचकला, त्याने पुन्हा मोजलं आणि सातवा मासा टाकला. बाळ तत्काळ गप्प झालं.

"रडण्याला बंदी आहे का?" पानापाने विचारलं.

"तान्ह्याला कोण बंदी घालणार?" तिमोतेओ म्हणाले.

मग पद्धतच पडली. सेलेवाहो चुकला की बाळ रडायचं, आकडा सुधारला की थांबायचं. पाच घरांत तीनदा रडलं. पोरं खूश होती, म्हातारे समाधानाने पाय चोळत होते. वाटणी इतकी बिनचूक आणि इतक्या गोंगाटात कधीच झाली नव्हती.

सगळ्यात शेवटी सेलेवाहो म्हणाला, "मालियाचं घर."

मालिया टोपली घेऊन पुढे आली. सेलेवाहोने कागदात पाहिलं. "आधीची एक... नवीन बाळ एक..." त्याने मान वर केली. समोर मालिया उभी. लहानपणापासून वीस वर्षं या किनाऱ्यावर या घराच्या नावामागून जो आकडा त्याच्या कानावर पडला होता, तोच जिभेवर आला.

"तीन."

त्याने तीन मासे ठेवले. सगळ्या गावाला कळलं. सगळ्या माना बाळाकडे वळल्या.

मालियाने पहिला मासा टोपलीत टाकला. दुसरा टाकला. तिसरा उचलला आणि तशीच उभी राहिली, तळव्याने त्याच्या अंगावरची वाळू हळूहळू पुसत. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. कोलिओने तोंड उघडलं होतं, छाती भरून श्वासही घेतला होता. नव्या डोळ्यांना तिचा तो हात फार स्पष्ट दिसत होता.

त्याने तोंड मिटलं.

सेलेवाहो वाट बघत राहिला. त्याने कागदात पाहिलं, मग माशांकडे, मग बाळाकडे.

"काहीतरी चुकलंय वाटतं," तो म्हणाला. "पण बाळ रडत नाहीये."

"झोपलंय ते," मालिया म्हणाली, आणि तिसरा मासा तिने टोपलीत ठेवला.