ठराव होईपर्यंत हिरो मेला

हिरो तिसऱ्यांदा मेला तेव्हा सुमनबाई विचारत होत्या, "सूचक कोण?"

"मी," शांताबाई म्हणाल्या.

"अनुमोदक?"

टॅबवर हिरो उताणा पडला होता. पाण्याचा टँकर दुसऱ्या गावाकडे वळला होता. पुण्याहून आलेली इंजिनियर केतकी कपाळाला हात लावून बसली होती.

मी सहकारी दूध संस्थांच्या बायकांना प्रशिक्षण देते. सभा कशी घ्यायची, ठराव कसा मांडायचा, इतिवृत्त कसं लिहायचं, हे माझं काम. ही संस्था वडवणीजवळच्या गावातली. संचालक अकरा, सगळ्या बायका, अध्यक्ष सुमनबाई आणि सचिव शांताबाई. दुष्काळात पाणी-चारा कसा वाटायचा हे शिकवायला पुण्याच्या एका कंपनीने व्हिडिओ गेम केला होता. त्याची सल्लागार मी. गेम रोल-प्लेइंग, म्हणजे सोंग घेऊन खेळायचा. पडद्यावरचं पात्र म्हणजे तुम्ही. ते काय करणार ते तुम्ही ठरवायचं.

पहिला भाग बायकांनी डोक्यावर घेतला होता. त्यात एक साधी शेतकरी बाई होती, एक म्हैस होती आणि घाई अजिबात नव्हती. तुम्ही बोट लावेपर्यंत अख्खं गाव थांबून राहायचं. त्या उन्हाळ्यात बोअर आटले होते, खऱ्या म्हशी छावणीत होत्या, तरी दुपारी अकराच्या अकरा जणी हजर. सभेत तोंड न उघडणाऱ्या बायका आधी खेळातल्या सरपंचाशी भांडल्या, मग खऱ्या सरपंचाशी. खेळातल्या म्हशीचं नाव त्यांनी चंद्री ठेवलं आणि तिला तीन दुष्काळांतून जगवलं.

त्यामुळे दुसरा भाग तपासायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांनी टॅबला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. टॅब सुरू झाला. मोटारसायकलवरून एक मिशीवाला हिरो आला.

"चंद्री कुठाय?" सुमनबाईंनी विचारलं.

"काकू, यात म्हैस नाहीये. नवीन स्टोरी आहे," केतकी म्हणाली.

"असंल नवी. पण म्हैस कावून काढली?"

"ग्राफिक्स बघा ना, किती भारी झालेत!"

"विहीर लई चकाचक हाय," शांताबाई म्हणाल्या. "दुष्काळातली वाटत न्हाई. आन् ह्याच्या मिशीला तेल कुठून आलं, प्यायला पाणी न्हाई तर?"

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. केतकी हसली नाही. मिशी तिनेच रंगवली होती.

खरी अडचण पुढे होती. दुसऱ्या भागात टँकरचं पाणी आधी कुणाला द्यायचं, अशा प्रत्येक निर्णयाला दहा सेकंद. तेवढ्यात बटण दाबलं नाही तर टँकर जातो आणि हिरो तहानेने मरतो. आमच्या बायका मात्र सूचक, अनुमोदक, मग हात वर, अशा क्रमाने चालल्या होत्या. एक प्रस्ताव मांडते, दुसरी त्याला पाठिंबा देते, मग मोजणी. दहा सेकंदांत पदरसुद्धा सावरून होत नाही.

तेवढ्यात मला कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, पाचपर्यंत पहिली लेव्हल झाली नाही तर टॅब परत आणा. दुसरा भाग कॉलेजच्या मुलांना देऊ. पहिला बंदच करतोय, दोन्ही सांभाळणं जमत नाही."

मी बायकांना जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे चंद्रीबी गेली?"

"गेली."

सुमनबाईंनी पदर खोचला. "मग असं करू. खेळापुरते सगळे अधिकार अध्यक्षाला द्यायचे, असा ठराव घेऊ."

ठरावावर चर्चा झाली. चर्चेत हिरो दोनदा मेला. शेवटी ठराव एकमताने मंजूर झाला आणि टॅब सुमनबाईंच्या मांडीवर आला. टँकर दिसला.

"दाबा काकू, दाबा!" केतकी ओरडली.

"दाबते की. शांताबाई, बोट आणा."

"त्यांचं बोट कशाला?"

"माझ्या एकटीच्या सहीनं संस्थेचं काय बी होत न्हाई पोरी. दोघींची लागती."

दोघींनी एकदम बोटं टेकवली. टॅबवर दोन बोटं टेकून सरकली की चित्र मोठं होतं. पडदाभर नुसती मिशी आली. मिशीमागे हिरो कधी मेला ते दिसलंच नाही. अकरा बायका, केतकी आणि मी, सगळ्या हसून बेजार झालो. एकीला उचकी लागली.

हसता हसता माझ्या डोक्यात उजेड पडला. हे सगळं मीच तर शिकवलं होतं. एकटीने काही ठरवायचं नाही, दोन सह्यांशिवाय हलायचं नाही. मी साहेबांना फोन लावला.

"युजर स्लो आहेत का हो?" त्यांनी विचारलं.

"युजर नियमाने चालतात. तुमचा हिरो गावाला न विचारता टँकरचं पाणी वाटतो. सहकारात अशा माणसाची चौकशी लागते."

साहेब म्हणाले, "काय बदलायचं?"

"वेळ थांबवणारं एक बटण द्या."

केतकीने तिथेच लॅपटॉप उघडला. साडेतीनला पडद्याच्या कोपऱ्यात 'सभा' असं बटण आलं. ते दाबलं की सगळं गाव जागच्या जागी थिजायचं. हिरो एक पाय हवेत धरून उभा राहिला.

"ऱ्हा तसाच," सुमनबाई त्याला म्हणाल्या. "आमचं झालं की सांगतो."

आधी म्हाताऱ्यांची वस्ती, मग जनावरं, मग बाकीचे, असा ठराव झाला. पाचला दहा कमी असताना लेव्हल पार झाली. बायका ओरडल्या, आणि लगेच उठल्या. संध्याकाळच्या दूधसंकलनाची वेळ झाली होती.

टॅब गावातच राहिला. लेव्हल झाली म्हणून साहेबांनी पहिला भागही चालू ठेवला, आणि खरं सांगायचं तर त्या अजून तोच खेळतात. दुसऱ्यात दम नाही, हे त्यांचं मत इतिवृत्तात नोंदवलेलं आहे.

तेव्हापासून नवीन काही बनवणारे लोक सल्ला मागायला आले की मी पहिला प्रश्न एकच विचारते. हे एका वेळी किती जणी चालवणार? उत्तर 'एक' आलं, तर त्यांना आधी एखाद्या संस्थेच्या सभेला बसवते. सभा संपेपर्यंत बहुतेकांचं डिझाइन बदलतं.