कुणाचंच नसलेलं व्हॉल्यूम

"मॅडम, गेटवर ट्रक उभे आहेत आणि इथे एक लेबल प्रिंट होत नाहीये. काहीतरी करा!"

हे कदम साहेब. चाकणच्या एका ब्रॅकेट बनवणाऱ्या कंपनीचे आयटी मॅनेजर. मी स्टोरेज इंजिनिअर. दापोडीहून ट्रॅफिकमधून पोचेपर्यंत त्यांनी मला फोन करकरून बेजार केलं होतं.

दुखणं साधं होतं. डिस्पॅचच्या सर्व्हरची जागा संपली होती.

सर्व्हर रूममध्ये डिस्क अ‍ॅरे असतो, म्हणजे एका कपाटात बसवलेल्या पुष्कळ डिस्क. त्यातला कंट्रोलर या डिस्कची मिळून एक मोठी जागा करतो आणि प्लॉटिंगवाले गुंठे पाडतात तसे तिचे तुकडे पाडतो. एक तुकडा म्हणजे एक व्हॉल्यूम. कुठलं व्हॉल्यूम कुठल्या सर्व्हरला दिसेल, हेही कंट्रोलरच ठरवतो. त्याला मॅपिंग म्हणतात.

अ‍ॅरेमध्ये जागा जेमतेमच उरली होती. पण एक भलंमोठं व्हॉल्यूम दिसलं. नाव 'टेम्प टू', कुठल्याशा जुन्या, बिननावाच्या सर्व्हरला जोडलेलं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही. आधीच्या मॅनेजरचं काहीतरी असेल. उडवा."

"साहेब, उडवलं की परत येत नाही."

"अहो, सकाळपासून त्यावर काही हालचाल तरी आहे का?"

खरंच नव्हती. तरी माझा हात धजेना. मी डिलीट न करता फक्त अनमॅप केलं. म्हणजे डेटा जागेवर, पण सर्व्हरला तो दिसत नाही.

आम्ही वाट पाहिली. सगळं शांत.

"बघा, कुणाचं काही अडलं का?" कदम साहेब म्हणाले, आणि त्यांचा फोन वाजला. कॅन्टीनचे पोपटभाऊ होते. आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"सायेब, मशीन कुनाचं त्वांडच वळखंना! गेट उघडत न्हाई. पार वर्कशॉपपातूर लाइन लागलीया. आन आज चिकन हाय!"

चेहरा ओळखून कॅन्टीनचं गेट उघडणाऱ्या मशीनचा सगळा डेटा 'टेम्प टू'वर होता. जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती. मागून फोनवर दुसरा आवाज आला, "कदम, मी ताट घेऊन उभा आहे." प्लांट हेड.

मी मॅपिंग परत जोडलं, तो जुना सर्व्हर रीस्टार्ट केला. गेट उघडलं. कदम साहेबांनी घाम पुसला.

मग एचआरच्या शिंदे मॅडमना बोलावून आम्ही व्हॉल्यूम उघडून पाहिलं. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाचा रोजचा फोटो मशीन साठवत बसलं होतं. वर्षानुवर्षांचे भुकेले चेहरे. शिंदे मॅडम एका ठिकाणी थांबल्या.

"कदम सर, चिकनच्या दिवशी तुमचे दोन-दोन फोटो कसे?"

"मॅडम, जुने फोटो ठेवायची काही गरज आहे का?" साहेबांनी मला विचारलं.

"ते एचआरनं सांगायचं."

शिंदे मॅडम पोटभर हसल्या आणि मग परवानगी दिली. कामाचा डेटा मी एका लहान व्हॉल्यूमवर हलवला, मशीन नीट चालतंय हे पाहिलं, आणि मगच 'टेम्प टू' डिलीट केलं. मोकळी झालेली जागा डिस्पॅचला जोडली. लेबलं निघू लागली, ट्रक हलले. नव्या व्हॉल्यूमचं नाव मी ठळक 'कॅन्टीन' असं ठेवलं.

तेव्हापासून माझा नियम आहे. डिलीट करण्याआधी अनमॅप करावं. आणि अनमॅप करण्याआधी, जेवणाची सुट्टी कधी होते ते विचारून घ्यावं.