आईची गार पाण्यानं अंघोळ

मच्छिंद्र माझा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. मेडिकल कॉलेजात मयताला औषध भरायचं काम करतो, सत्तावीस वर्ष झाली. ज्यांची पोरं परदेशात असतात त्यांना मयत चार दिवस ठेवावं लागतं, तेव्हा डॉक्टर सांगतात आणि दादा भरतो. आई लोकांना एवढंच सांगायची, पोरगा दवाखान्यात हाय. पुढं विचारलं तर चहा ठेवायला उठायची.

मी विमल, सातवीपर्यंत शिकले, मार्केट यार्डात कांदा निवडते. मला दादानंच समजावलं होतं. म्हणला, विमे, अंडं उकडल्यावर कसं घट्ट होतं, तसं फॉर्मलिननं, म्हणजे त्या औषधानं, मांस घट्ट होतं, मग सडत नाही. जास्त झालं तर चेहरा लाकूड होतो. पण त्याचा वास जित्या माणसाला वाईट. डोळे जातात, छाती धरते. म्हणून तोंडाला मास्क, हातात मोजे, खिडकी उघडी. घरी आला की दारातच कपडे काढून वेगळ्या बादलीत टाकणार, मग आत.

या मे महिन्यात आई गेली. मथुराबाई नाव तिचं. माझी लेक ऋतिका तिच्याकडंच खराडीला वाढली, आता कंपनीनं जर्मनीला पाठवलीय. तिला तिकीट चौथ्या दिवसाचं मिळालं. फोनवर रडायला लागली, "मामा, आजीला त्या फ्रीजमध्ये नका ठेवू. अंघोळ मीच घालणार."

दादा म्हणला, बरं. डॉक्टरांची सही घेतली आणि आईला स्वतः औषध भरलं. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. घरी आणून ठेवली, खिडक्या उघडल्या, आम्हाला बजावलं, तोंडाला तोंड लावायचं नाही. घरात चूल पेटत नव्हती, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देत होते.

चौथ्या दिवशी सकाळी ऋतिका आली. चुलतीनं गॅसवर पातेलंभर पाणी कढवलं. मयताला ऊन पाणीच घालतात आमच्यात. बाईची अंघोळ म्हणून पुरुष बाहेर गल्लीत. आईला मोरीत घेतली, शेजारीण धरून आम्ही चौघी आत. कडी मी लावली. खिडकीही मीच लावली, गल्लीतून दिसतं म्हणून. दादानं बजावलेलं डोक्यातनं गेलं.

ऋतिकानं दोन तांबे घातले आणि सगळ्यांच्या डोळ्याला धार लागली. मला वाटलं रडतोय आम्ही. मग ऋतिका खोकायला लागली ती थांबेना.

खोकला ऐकून दादानं दार लाथेनं उघडलं. "बाहेर! सगळ्या बाहेर!"

चुलती डोळे चोळत ओरडली, "अरे, बायकांच्या अंघोळीत शिरतोस? लाज हाय का?"

"काकू, डोळे चोळू नका. परवा औषध भरताना आईला मीच धुतली. ऊन पाण्यानं औषधाची वाफ होते, कोंडून मेल्या असता चौघी."

अंगणातल्या नळाखाली एकेकीचे डोळे धरले त्यानं, घड्याळ बघून पंधरा मिनिटं. चुलती म्हणाली, आता पुरे. तो म्हणला, अजून चार मिनिटं हायेत.

ऋतिकाला श्वास आला तशी ती म्हणाली, "म्हणजे आजी तशीच जाणार का? मी एवढ्यासाठीच आले, मामा."

दादानं आतली खाट अंगणात ओढली. मग आईला खाटेवर अंगणात घेतली, वारं कुठनं येतंय ते बघून आम्हाला वाऱ्याकडं पाठ करून उभं केलं. चार लुगडी धरून आडोसा केला. बादलीत नळाचं पाणी. ऋतिकाला लांब मोजे आणि त्याचा मास्क दिला.

"गार पाण्यानं?" चुलती म्हणाली.

"तिला आता सर्दी होतीय का, काकू?"

एका लुगड्याचं टोक दादानं धरलं, तोंड भिंतीकडं करून. ऋतिकानं सावकाश अंघोळ घातली, केस विंचरले, कुंकू लावलं. पाया पडताना मोजा काढायला लागली. दादानं न बघताच सांगितलं, "मोजा राहू दे."

ती तशीच पाया पडली. मग विचारलं, "मामा, औषध भरताना आजीला काही..."

"न्हाय गं. हळू सोडलं मी. एरवी दीड तास लागतो, हिला तीन लावले."

लुगडी खाली घेतली आणि आम्ही गल्लीतल्या पुरुषांना अंगणात बोलावलं.