शेंदराखालचा चेहरा

फुलाबाई गुरवीण कशालाच भीत नाही, असं वाडीत लहानथोर सगळे सांगतात. अंगणात फुरसं निघालं तर चिमट्यात धरून बांधापलीकडे टाकते. ओढा फुगला तरी लुगडं खोचून पूजेला जाते. सांगणाऱ्यांचं काय जातंय हो! ही बाई गेली आठ वर्षं रोज सकाळी भैरोबाच्या गाभाऱ्याचा उंबरा ओलांडताना आतून लटलट कापत होती, आणि त्याबद्दल तिनं कुणाजवळ ब्र काढला नव्हता.

वाडी मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकून. नवरा वारला तेव्हा देवाची सेवा फुलाबाईच्या अंगावर पडली. मुलगा शिवऱ्याला टेम्पो चालवतो, त्याला पूजाअर्चेत गोडी नाही. पण बाईमाणसानं देवाला कौल लावायचा म्हटल्यावर चार जणांनी नाकं मुरडलीच. सगळ्यांत वडीलधारे सावळारामबापू तर भर सभामंडपात म्हणाले होते, "लावू द्या तिला. पन एक चूक झाली, की सेवा दुसऱ्याकडं." ते शब्द तिच्या काळजात रुतून बसले.

आणि चूक झाली. भैरोबाला दर अमावस्येला शेंदूर-तेलाचं लेपण करायचं, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. थरावर थर चढून देवाच्या अंगावर जाडजूड कवच झालं होतं. आतली मूळ मूर्ती कशी आहे, हे वाडीतल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी चैत्रातल्या यात्रेच्या आदल्या दिवशी फुलाबाई देवाला आंघोळ घालत होती, आणि नाकागालाजवळचा तळहाताएवढा तुकडा निसटून तिच्या ओंजळीत पडला. देवानं कवच सोडलं म्हणजे अरिष्ट, यात्रा बंद! बाहेर खेळण्यांची दुकानं लागलेली, सारोळ्याला दिलेल्या लेकीबाळी माहेरी आलेल्या, घरोघरी पाहुणे. बाईनं डोळे मिटून घेतले. आत काय दिसतंय ते बघायचीसुद्धा तिची छाती झाली नाही. सभामंडपाला फरशी बसवून उरलेलं थोडं सिमेंट कोपऱ्यात होतं. ते कालवून तिनं देवाच्या चेहऱ्यावर थापलं, वर शेंदूर चोपडला आणि तो तुकडा पदराआड नेऊन गुंजवणी नदीच्या पाण्यात सोडला. यात्रा झोकात पार पडली. सावळारामबापूच म्हणाले, औंदा देवाचं तेज काही और आहे. काय म्हणावं आता!

मधल्या काळात वाडीला बरे दिवस आले. डोंगरावरच्या गडावर जाणारी पोरं देवळात टेकू लागली, फोटो काढू लागली. पिठलं-भाकरी मागू लागली. कौल घ्यायला भोरच्या बाजारपेठेतली माणसं गाड्या करून यायची. लग्न जमेल का, विहिरीला पाणी लागेल का, दुभतं जनावर विकू की नको? नारळवाल्याचं घर चाललं, भाकऱ्या थापणाऱ्या बायांच्या हातात चार पैसे खेळले. पुण्याला हमाली करणारे दोघे परत येऊन घराला खोल्या काढून बसले. देव वाडीला जेवू घालत होता, आणि त्या देवाच्या तोंडावर सिमेंट आहे, हे एकट्या फुलाबाईला ठाऊक होतं. गाभाऱ्यात कुणी जरा टक लावून बघितलं की ती पुढं होऊन देवाचे हार सारखे करत बसायची.

गेल्या पावसाळ्यानंतर देवाच्या कानापासून हनुवटीपर्यंत बारीक भेग दिसू लागली. फुलाबाई शेंदरानं बुजवायची, ती पुन्हा उलायची. अशातच जुन्या मूर्तींचा अभ्यास करणारी कोमल नावाची मुलगी पुण्याहून आली. बोटानं टकटक करून, बॅटरी लावून तिनं सगळी मूर्ती न्याहाळली.

"ह्याच्या आत कोरीव मूर्ती आहे," ती म्हणाली. "फार जुनी असणार. पण भेग वाढतेय. कवच आपण हळूहळू उतरवलं नाही, तर एक दिवस आपोआप कोसळेल आणि आतला दगडही ओढून नेईल."

सरपंच आनंदराव हरखून गेला. "आरं, जुनी मूर्ती म्हंजी वाडीला पेन्शन लागली म्हना की! रस्ता व्हईल, लोकं दुपटीनं येतील."

"देवाचं अंग सोलायचं, ते देवाला इचारल्याबिगर न्हाई," सावळारामबापूंनी काठी आपटली. "कौल लावा."

कौलाची रीत साधी. देवाच्या छातीवर उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा दोन फुलांच्या कळ्या पाण्यानं चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. फुलाबाई कळ्या घेऊन आत गेली. कवच उतरलं की सिमेंट निघणार. सिमेंट निघालं की तिच्या नावानं शिमगा होणार, सेवा जाणार आणि हाडं स्मशानात जाईपर्यंत बोटं दाखवली जाणार. गर्दीकडे पाठ होती. उजव्या कळीखाली तिनं तेलात कालवलेला शेंदूर बोटभर लावला आणि कळी दाबून बसवली. डावीला नुसता पाण्याचा हात.

डावी पडली. आनंदरावाचं तोंड एवढंसं झालं. कोमल आपला फोन नंबर लिहून ठेवून निघून गेली.

सुटली म्हणाल, तर कुठली सुटते! सिमेंट लावलं ती घाबरटपणाची चूक होती. हे तर देवाच्या तोंडून खोटं बोलणं झालं. फुलाबाईला अन्न गोड लागेना. सून प्रेरणा विचारायची, "आत्या, दवाखान्यात जाऊ या का?" तर तिच्यावरच खेकसायची. रोज सकाळी भेग जरा रुंद झालेली असायची. एके दिवशी लेपण करताना तिचं अख्खं नख आत गेलं, आणि आत काहीतरी करकरलं. आपण गप्प राहिलो तर देवाचा चेहराच जाणार, आणि त्याच्यामागं सगळ्या वाडीच्या चुली.

तिनं प्रेरणाकडून फोन लावून कोमलला पुण्याहून बोलावून घेतलं. आनंदरावालाही घरी बोलावलं. चहा समोर ठेवून, जमिनीकडे बघत तिनं सिमेंटचं सांगितलं, कौलाचंही सांगितलं. चुलीपाशी प्रेरणाची तव्यावरची भाकरी करपली.

"मावशी, बरं झालं सांगितलंत," कोमल म्हणाली. "सिमेंट कुठं आहे ते कळलं, तर ते शेवटी, अगदी सावकाश काढता येईल. चेहरा वाचेल बहुतेक."

आनंदराव मात्र पांढराफटक पडला होता. "काकू, सिमेंटचं बघू. त्ये कुनाच्याबी हातनं झालं आसतं. पन कौल खोटा लावला, ही गोष्ट हितनं भाईर गेली तर? लोकं हितं कौलासाठी येत्यात. उद्यापास्नं नारळ कोन फोडंल? भाकरी कोन खाईल? कुनाला बोलू नगा. येत्या अमावस्येला फिरून कौल लावा. आन् उजवी पडंल आसं बघा, म्हंजी झालं."

फुलाबाईनं कोमलकडे पाहिलं. कोमलनं नजर खाली वळवली. अहो, गुन्हा कबूल करायला गेली बाई, आणि तोच गुन्हा पुन्हा करायचं काम घेऊन बसली!

भेग वाढली म्हणून फिरून कौल लावायचा, असं आनंदरावानं वाडीत सांगितलं आणि अमावस्येला सभामंडप भरला. फुलाबाईनं राखेनं दोनदा हात धुतले. डावी पडली तर कवचाला कुणी हात लावणार नाही आणि देवाचा चेहरा फुटणार. उजवी मुद्दाम पाडली तर आपण मेल्यावर देवाला कुठलं तोंड दाखवणार? तिनं पाण्यात बोट बुडवलं. दोन्ही कळ्यांना सारखं पाणी, सारखा दाब. "देवा, आता तुझं तू बघ," एवढंच पुटपुटली आणि हात जोडून मागे सरली. कळ्या हलेनात. कुणीतरी खोकलं. फुलाबाईच्या कपाळावरून घामाचे ओघळ डोळ्यांत उतरत होते आणि पुसायचं भान तिला नव्हतं.

टप्‌. उजवी पडली.

"भैरोबाच्या नावानं चांगभलं!" सगळा मंडप गरजला. सावळारामबापूंनी आपण होऊन फुलाबाईच्या हातावर नारळ ठेवला. ती उभ्याउभ्या रडत होती. देव बोलला होता, तिच्याशी, तिनं एवढं करूनही बोलला होता.

कोमलनं आणि तिच्या दोन सोबत्यांनी गाभाऱ्याचं दार लोटून घेऊन, नऊ दिवस खपून कवच उतरवलं. सिमेंटाबरोबर नाकाचा शेंडा गेला, पण डोळे, ओठ, कानातली कुंडलं जशीच्या तशी निघाली. मोठ्या शांत डोळ्यांचा देव. वाडी बघतच राहिली. रविवारी ओढ्यापर्यंत गाड्यांची रांग लागली.

आनंदराव गर्दीतून वाट काढत आला आणि फुलाबाईच्या कानाशी हळूच म्हणाला, "काकू, तुमच्या हाताला तोड न्हाई. मला सुदिक कळलं न्हाई कवा केलं त्ये."

"आरं, म्या काय बी केलं न्हाई. त्यो कौल खरा पडला."

"व्हय व्हय," तो डोळा बारीक करून हसला. "आसंच सांगायचं."

फुलाबाईचा जीव कासावीस झाला. ती तशीच घरी आली. प्रेरणा पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापत होती. तिच्यासमोर बसून, तिचा पिठाचा हात धरून फुलाबाई म्हणाली, "पोरी, तुला तरी सांगते. भैरोबाची आन, त्या दिशी म्या दोनीकडं सारखंच पानी लावलं व्हतं."

प्रेरणानं दाराकडे एक नजर टाकली. मग सासूचा हात हलकेच दाबून म्हणाली, "मी कुणाला सांगायची नाही, आत्या. तुम्ही नका भिऊ."